आवाजाची वाट प्रत्येक गळ्यात निराळी

स्वरयंत्र हलविणारा मज्जातंतू सरळ गळ्यात पोहोचत नाही. डावीकडे तो छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो, उजवीकडे मानेच्या तळाशी हाताकडे जाणाऱ्या धमनीला. मग दोन्ही तंतू थायरॉइड ग्रंथीमागून वर येतात. हे झाले पाठ्यपुस्तकातील चित्र. परंतु शंभरात जेमतेम एखाद्या व्यक्तीत उजवा तंतू वळसा न घालता थेट स्वरयंत्राकडे वळतो, कारण गर्भावस्थेतच ती धमनी वेगळ्या ठिकाणाहून निघालेली असते. स्टेडमन यांनी १८२३ मध्येच हे नोंदवले होते. स्वरयंत्रात शिरण्याआधी तंतूला फाटे फुटणे तर याहून पुष्कळ अधिक आढळते.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत एक तंतू दुखावला, तर आवाज घोगरा होतो. दोन्ही दुखावले, तर श्वासच कोंडू शकतो. शिक्षक, गायक, हाळी देणारा भाजीविक्रेता यांच्यासाठी आवाज म्हणजे उपजीविका.

म्हणून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी विच्छेदनात आढळलेला प्रत्येक भेद नोंदवून देशपातळीवर एकत्र करावा. शस्त्रक्रियेच्या टिपणात तंतूची वाट लिहिली जावी आणि स्वरपट्ट्या आधी व नंतरही तपासल्या जाव्यात. तंतूची चाचणी घेणारे यंत्र साहाय्यक ठरते. मात्र शरीररचनेच्या ज्ञानाची जागा ते घेऊ शकत नाही. देहदान करणाऱ्याने दिलेला हा धडा विच्छेदनगृहातच विरून जाणे, हा त्या दानाचा अवमान आहे.