हलगीच्या घरातून ख्यालाकडे

निना सिमोनला जग ओळखते ते जॅझ आणि ब्लूजसाठी. तिला स्वतःला मात्र बाख वाजवणारी पियानोवादक व्हायचे होते. 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. आपल्या रंगामुळेच तो नाकारला गेला, असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. त्या वर्षी जागाच मोजक्या होत्या, हा दुसऱ्या बाजूचा खुलासा. 2003 मध्ये, तिच्या मृत्यूला दोन दिवस उरले असताना, त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली. या प्रकरणात मला नकारापेक्षाही बोलकी वाटते ती पुढची गोष्ट : रात्रीच्या बारमध्ये गायला-वाजवायला तिला कुणी अडवले नाही. कृष्णवर्णीयांनी गावे, वाजवावे, लोकांना डोलायला लावावे, याला अमेरिकेची हरकत कधी नव्हती. हरकत असायची ती दालनाची. मेरियन अँडरसनसारख्या कृष्णवर्णीय गायिकेला 1939 मध्ये वॉशिंग्टनचे मोठे सभागृह मिळाले नाही, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात भूमिका मिळायला 1955 साल उजाडले.

अमेरिकेवर बोलणे आपल्याला सोपे जाते. आता आपल्याकडे पाहू. कोल्हापुरात खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. मैदानात हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही, आणि ती वाजवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मातंग समाजाचे आहेत. ज्या घरात पोर चालायला लागण्याआधी लय ऐकते, त्या घरातून तबलजी आणि ख्यालगायक निघायला हवे होते. देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून या शहरात आहे. अल्लादिया खाँसाहेब इथे दरबारी गवई होते. तरीही दलित घरांतून आलेले किती ख्यालगायक नावानिशी आठवतात, हे रसिकांनी स्वतःच पाहावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : शास्त्रीय संगीताने जात कधी पाहिली? खाँसाहेब मुसलमान, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या, मल्लिकार्जुन मन्सूर लिंगायत. नावे खरी आहेत, आणि अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण ती घेताना जमाखर्चही पाहावा. केसरबाई आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे काही महिने शिकल्या, आणि अल्लादिया खाँचा गंडा त्यांनी बांधला तो 1921 मध्ये. त्यानंतर अकराएक वर्षे तालीम चालली. एवढा काळ गुरूचे मानधन आणि घरखर्च भागवायला पाठीशी कुणीतरी धनिक असावाच लागे. या मंडळींच्या बाबतीत दार आपोआप उघडले नाही. उघडायला कुणीतरी पैसा मोजला. शिवाय खाँसाहेबांच्या घरी संगीत हा पिढीजात पेशा होता, कलावंतिणीच्या घरी गाणे हीच पुंजी होती. हलगीवाल्याच्या घरीही संगीत पिढीजातच आहे. फक्त त्या विद्येला आपण विद्या मानली नाही, बलुत्याचे काम मानले.

निवड निखळ गुणांवर करा म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक प्रयोग उद्बोधक आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध 1969 मध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांनी भेदभावाची तक्रार केली. पुढच्या दशकात तिथल्या वाद्यवृंदांमध्ये पडद्याआडून चाचणी घेण्याची पद्धत रुळली : परीक्षकाला वादक दिसत नाही, फक्त वाद्य ऐकू येते. याहून निःपक्षपाती काय असणार? स्त्रियांचे प्रमाण वाढत वाढत निम्म्याच्या जवळ गेले. पण 2014 च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय वादक दोन टक्क्यांच्याही खालीच होते, आणि लोकसंख्येत ते तेरा टक्क्यांच्या आसपास आहेत. पडदा एकच, मग परिणाम दोन का? माझ्या मते उत्तर पडद्याच्या अलीकडे आहे. त्या स्त्रियांपैकी अनेकींच्या घरी लहानपणी व्हायोलिन होते, शिक्षक लावायची ऐपत होती. काळ्या वस्तीतली बहुतेक पोरे त्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. परीक्षक आंधळा केला म्हणून आधीची पंधरा वर्षे समान होत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त सन्मानाचा वाटतो, म्हणून जास्त फसवा आहे. लोकसंगीत कमी आहे का? हलगीवाल्याने ख्याल गायलाच पाहिजे हा हट्ट कशाला? वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी जे उभे केले त्याला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. प्रश्न त्यांच्या गाण्याच्या दर्जाचा नाही, निवडीचा आहे. ब्राह्मण घरातला मुलगा लावणी गायला तर आपण त्याला प्रयोगशील म्हणतो. दलित मुलगी यमन शिकू लागली की ‘तुमचं ते आपलं लोकगीत किती छान असतं’ असे ऐकवतो. धारवाडसारखे गायकीचे माहेरघर तासाभरावर असूनही हल्याळच्या सिद्दींची, आफ्रिकेतून आलेल्यांच्या या वंशजांची, आठवण पाहुण्यांना होते ती ढोल आणि नाचापुरतीच. ज्याचे त्याचे संगीत ज्याला त्याला, ही वाटणी कौतुकाच्या भाषेत केली तरी वाटणीच राहते.

मैफलीत राखीव जागा ठेवा, असे मी म्हणत नाही. षड्‌ज सगळ्यांना सारखाच लागावा लागतो. आधाराची गरज आहे ती तालमीच्या वर्षांना. हे कोल्हापूरला नवीन नाही. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखल्या, अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले, आणि याच राजाने अल्लादिया खाँना सांभाळले, गायक-नट केशवराव भोसल्यांच्या मागे बळ उभे केले. वसतिगृह आणि दरबारी आश्रय, दोन्ही एकाच खजिन्यातून झाले. त्यांची गाठ मात्र कधी पडली नाही. आज केंद्र सरकार तरुण कलाकारांना महिना 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती देते, तीही दोन वर्षे, तीही अठराव्या वर्षानंतर. ज्याचा कान आठव्या वर्षी तयार व्हायला हवा त्याला तिचा उपयोग नाही. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत 1977 पासून शिष्य विद्यावेतनावर गुरूजवळ राहून शिकतात; ते जमते, हे तिथे दिसले आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा शहर हळहळले आणि पुनर्बांधणीसाठी सरकारी निधी जाहीर झाला. ते योग्यच झाले. तसाच निधी तालमीसाठीही उभा करता येईल : पाच मुलांना महिना दहा हजार रुपये, दहा वर्षे, असा हिशेब केला तर आकडा 60 लाखांवर थांबतो. त्यात गुरूचे मानधन वेगळे धरावे लागेल. हे काम हाती घ्यायला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, देवल क्लब आहे, महापालिका आहे. निवड करताना मुलाला सरगम येते का हे न पाहता त्याच्या हाताला हलगी कशी बसली आहे, हे आधी ऐकावे.