चित्राखाली नाव कोणाचे?

एक काळ असा होता की चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत पेंटरचा शोध सुरू व्हायचा. लहान फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या आखायच्या आणि एकेक घर पाहत बाबासाहेबांचा चेहरा उतरवायचा. चष्म्याची काडी कानामागे नीट गेली की बघणारे म्हणायचे, "आता जमलं!" पेंटरच्या हाताखाली दोन-तीन पोरे ब्रश धूत धूत शिकायची. फ्लेक्स आला आणि ही शाळा बंद पडली. फ्लेक्स लवकर मिळतो, त्याला नावे ठेवून उपयोग नाही. पण चित्रे काढणाऱ्या पोरापोरींनी हात बसवायचा कुठे? घरी तर ऐकावे लागते, "चित्रं काढून पोट भरणार आहे का?"

आपल्या जिल्ह्याला ही कला नवी नाही. आजचे अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, ही निजामशाहीची राजधानी. १५६५ च्या सुमारास येथे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य सचित्र तयार झाले. आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे; त्यातली १२ चित्रे शिल्लक आहेत. हुसेन निजामशहाशेजारी बसलेली राणी खुंझा हुमायून पुढे सत्ता गेल्यावर बऱ्याच चित्रांतून पुसली गेली. कवीचे नाव आफताबी, ते टिकले. चित्रे काढणाऱ्यांचे नाव राहिले नाही. राबणाऱ्या हाताचे नाव गाळायची रीत जुनीच!

आता राज्यघटनेची मूळ प्रत पाहा. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली. पैसा त्यांनी मागितला नाही. प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर अक्षर शिकवणाऱ्या आजोबांचे नाव, एवढीच अट घातली. चित्रे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी काढली. पाचव्या भागाच्या आरंभी तथागत बुद्धांच्या जीवनातला प्रसंग आहे. उद्देशिकेच्या पानाची नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा या विशीतल्या शिष्याची. नक्षीतच त्यांनी 'राम' अशी बारीक सही केली आहे. शिष्याला सही करू देणारा गुरू आम्हाला मोठा वाटतो.

तेव्हा पालकहो, पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र दिसले तर रागावू नका. शाळेतल्या चित्रकला शिक्षकांना भेटा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना तिला बसवा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन, सगळे तिथे शिस्तीने शिकावे लागते. सुरुवातीला महागडे रंग नकोत. पाठकोऱ्या कागदांवर घरातला तांब्या, चप्पल, आजीचे हात रोज काढू द्या. लंबगोल सरळ बसायलाच महिने जातात, आणि खोडरबर जितका कमी तितके बरे. पुढे चित्रकला शिक्षक पदविका आहे, कला महाविद्यालये आहेत. सगळ्यांनाच नोकरी लागेल असे आम्ही म्हणणार नाही.

मंडळांना एक विनंती. येत्या जयंतीला फ्लेक्स खुशाल लावा, त्यावर वर्गणीदारांचे फोटोही छापा. पण एक भिंत पोरापोरींना द्या. चुन्याचा खर्च आम्ही करू. आणि चित्र पूर्ण झाले की खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे नाव लिहायला जागा सोडा.