माळ्यावरची पावले

कौलारू घरात राहणाऱ्याला रात्रीचे तीन आवाज वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. भिंतीच्या कडेकडेने बारीक खुडबुड आणि कुरतडणे चालले असेल, तर तो उंदीर. एकदाच धप्प असा आवाज होऊन पुढे सारे सामसूम झाले, तर ते मांजर. आणि दिवेलागणीनंतर काही वेळाने, एखादे लहान मूल चालत जावे तशी जड पावले माळ्यावरून गेली, आढ्याजवळचे कौल खळ्ळकन हलले आणि पहाटे उजाडण्यापूर्वी तीच पावले परत आली, तर आपल्या घरी उदमांजर मुक्कामाला आले आहे असे खुशाल समजावे.

ह्या तिसऱ्या आवाजाने सारे घर धास्तावल्याचे मी पाहिले आहे. आमच्या शाळेत चौथीतला एक चुणचुणीत मुलगा वर्गात बाकावर डोके टेकून झोपू लागला. जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, रात्री माळ्यावर आजोबा चालतात." आजोबांना जाऊन तीन महिने झाले होते. घरातील वडीलधारी माणसेही ती समजूत खोडून काढीत नव्हती; शांत कोणाकडून करून घ्यावी, ह्याचाच खल तेथे चालला होता. मुलाच्या वडिलांना मी एवढेच सुचविले, की माळ्यावर जेथे कौल सरकलेले आहे तेथे संध्याकाळी ओंजळभर रांगोळी पसरा आणि सकाळी मुलाला स्वतः वर नेऊन ती दाखवा. दुसऱ्या दिवशी मुलगा वहीत ठसा काढून घेऊन आला. पाऊल रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे आणि बोटे पाच. मांजराच्या पावलाची चारच बोटे उमटतात, उदमांजराची पाच. त्या रात्रीपासून मूल स्वस्थ झोपू लागले आणि "आमचे उदमांजर" म्हणून वर्गात मिरवूही लागले.

नावात मांजर असले, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे मांजर नव्हे. त्याचे कुळ विव्हेरिडी नावाचे. नात्याने ते मांजरापेक्षा मुंगसाला अधिक जवळचे. डोके व धड मिळून सुमारे ५० सेंटिमीटर, शेपूट जवळजवळ तेवढेच लांब, वजन बहुधा ३ ते ४ किलो. अंग करडे, पाठीवर काळसर ठिपक्यांच्या ओळी, पाय व मुस्कट काळे, डोळ्यांखाली पांढुरका डाग. शेपटीवर काळी-पांढरी कडी असतील तर तो प्राणी ह्याचाच भाऊबंद, जवादी किंवा कस्तुरी मांजर. त्याचा वावर मुख्यतः जमिनीवर असतो. माळ्यावर चढणारे, झाडावरून छपरावर उतरणारे ते उदमांजर.

ह्या प्राण्याची नावे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहेत. मराठीत त्याला कोठे कांडेचोर म्हणतात, कोठे मसण्या ऊद. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी त्याचे कबरबिज्जू हे हिंदी नाव ऐकले असेल. मसण काय आणि कबर काय, दोन्ही नावांच्या मुळाशी समजूत एकच : हा प्राणी पुरलेली प्रेते उकरतो. उलट बंगालीत त्याला गंधगोकुळ म्हणतात. कानडी व तेलुगू भाषांत ह्या कुळातील प्राण्यांची नावे पुनुगु ह्या सुगंधी द्रव्यावरून पडली आहेत, आणि संस्कृतात गंधमार्जार असा शब्द आहे. ह्या प्राण्यांना गंधग्रंथी असतात, त्यावरून ही नावे आली. एका भाषेला ज्यात सुगंध जाणवला, त्यातच दुसरीला स्मशान दिसले. रात्री फिरणाऱ्या आणि क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या जीवाविषयी माणसे अशाच कल्पना रचीत असतात.

वास्तविक त्याचे खाणे पाहिले तर भीतीचे कारणच उरत नाही. प्राणिशास्त्राने ह्याला मांसाहारी गणात बसविले आहे, पण त्याचे ताट बहुतांशी फळांचे. उंबर, वड, जांभूळ, चिकू, पपई, केळी, पिकलेला फणस हे त्याचे आवडते पदार्थ. जोडीला उंदीर, किडे, गोगलगाई, क्वचित पक्ष्यांची अंडी. झाडाला बांधलेल्या मडक्यातील ताडीही ते पिते. म्हणून इंग्रजांनी त्याला टॉडी कॅट हे नाव दिले. फळे ते गरासकट गिळते आणि बिया विष्ठेतून दूरवर टाकते. आपल्या सह्याद्रीच्या रानात सुरमाडाचा, म्हणजे भेरली माडाचा, प्रसार करण्यात ह्या प्राण्याचा मोठा वाटा आहे. ज्या घराच्या माळ्यावर ते राहते, तेथील उंदरांनाही त्याचा वचक बसतो.

मग ते रान सोडून घरात का येते? त्याला दिवसा झोपण्यासाठी उंच, अंधारी, कोरडी ढोली हवी असते. जुनी आंब्या-फणसाची झाडे गेली की ढोल्या गेल्या. बेळगाव-खानापूरकडील मंगळुरी कौलांच्या घराचा पोटमाळा, गोव्यातील जुन्या घराचे छत किंवा बडोद्याच्या एखाद्या वाड्याची बंद पडलेली वरची खोली, ह्या त्याच्या दृष्टीने मोठ्या ढोल्याच होत. खाली परसात चिकूचे झाड असले, म्हणजे निवासाबरोबर भोजनाचीही सोय झाली.

त्याचा त्रास होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. माळ्याच्या एकाच कोपऱ्यात ते रोज विष्ठा करते. मूत्राचे डाग छतावर उतरतात, वास सुटतो. सरकलेल्या कौलांतून पहिल्याच पावसात घर गळू लागते. पाडाला आलेले चिकू आणि पपया एका रात्रीत उष्ट्या होतात. खुराड्याची जाळी कुचकामी असेल तर कोंबडीही जाते. ज्या गृहिणीला रोज तो माळा झाडावा लागतो, तिला प्राणिमात्रांवरील दयेचा उपदेश करणे सोपे नसते. तेव्हा त्याला घराबाहेर काढण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो केवळ रीतीचा.

सर्वांत वाईट रीत विषाची. पपईत घातलेले विष कोण खाईल ह्याचा नेम नसतो. शेजारचे कुत्रे, गाय, एखादे अजाण पोरही ते तोंडात घालू शकते. विष खाल्लेला प्राणी पुष्कळदा माळ्याच्या सांदीत जाऊन मरतो, आणि मग वासाने आठ-आठ दिवस घरात बसवत नाही. परसाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे तर उघडउघड माणसाच्या जिवाशी खेळ आहे. डांबराच्या गोळ्यांनी घरातल्या मुलांनाच अधिक बाधा होते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या प्राण्याला संरक्षण दिले आहे. त्याला मारणे किंवा परवानगीवाचून पकडणे हा गुन्हा आहे.

दुसरी चूक घाईची. आमच्या गल्लीतील एका शेजाऱ्यांनी एप्रिलमध्ये, शाकारणीच्या वेळी, भोक सापडताच ते सिमेंटने लिंपून टाकले. मादी तेव्हा बाहेर होती आणि पिल्ले आत. त्या रात्री तिने चार कौले उपसून काढली. पुढच्या रात्री माणसांनी पहारा ठेवून तिला हाकलले. तिसऱ्या दिवशी आतले बारीक ओरडणे त्या घरच्या सूनबाईंना ऐकवेना. तिने स्वतः शिडी लावून गडी वर चढविला. तीन पिल्लांपैकी एक मेले होते. उरलेली दोन टोपलीत घालून भोकाजवळ ठेवली, कौल उघडे केले आणि घरातले दिवे मालविले. मध्यरात्रीपूर्वी मादीने मानेला धरून एकेक पिल्लू नेले. ती पुन्हा त्या घरी आली नाही.

तिसरा मार्ग वरवर शहाणपणाचा वाटतो : पिंजऱ्यात पकडून दूर रानात सोडून यावे. माझा पुतण्या ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. तेथे पोसम नावाचा, पोटाशी पिशवी असलेला प्राणी अशाच रीतीने छपरात राहतो. त्याने सांगितले, की त्या राज्याच्या नियमाप्रमाणे पकडलेला पोसम सापडल्या जागेपासून ५० मीटरांच्या आतच सोडावा लागतो. कारण परक्या मुलखात त्याला ढोली मिळत नाही, तेथील पोसम त्याला टिकू देत नाहीत आणि तो बहुधा मरतो. इकडे मोकळ्या झालेल्या छपरात दुसरा येऊन राहतो. आपल्या उदमांजराच्या बाबतीतही भोक उघडे राहिले तर हेच घडणार. प्राणी बदलतो, भाडेकरूची जागा रिकामी राहत नाही.

तेव्हा उपाय सुताराचा आणि गवंड्याचा. प्रथम रांगोळीने येण्याजाण्याची वाट निश्चित करावी. मग दिवसा माळ्यावर बॅटरीने नीट पाहावे, कान देऊन ऐकावे. पिल्ले वर्षाच्या कोणत्याही काळात असू शकतात. ती असतील तर दोन-तीन महिने दम धरावा. तेवढ्यात ती आईबरोबर बाहेर पडू लागतात. नसतील तर इतर सर्व फटी आधी जाड तारेच्या जाळीने बंद कराव्या आणि मुख्य वाट तेवढी उघडी ठेवावी. माळ्यावर काही रात्री दिवा जळता ठेवला की अंधाराचा आसरा नाहीसा होऊन त्याला जागा नकोशी होते. मुख्य वाटेवर बाहेरच्या बाजूलाच उघडणारी बिजागरीची फळी लावली, तर गेलेला प्राणी परत आत येऊ शकत नाही. सलग तीन सकाळी रांगोळीवर ठसा उमटला नाही, म्हणजे ती वाटही पक्की बंद करावी. विष्ठा साफ करताना नाकातोंडाला फडके बांधावे, ती ओली करून उचलावी आणि नंतर जागा फिनेलने धुवावी. वास राहिला तर नवा पाहुणा त्याच मागाने येतो.

परसातही थोडी तजवीज हवी. छपरावर आलेल्या फांद्या घरापासून पाच-सहा फूट मागे छाटाव्या. एकट्या उभ्या असलेल्या माडा-पपईच्या बुंध्याला, हात पोहोचेल तितक्या उंचीवर, दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. नखे त्यावर ठरत नाहीत. चिकू पाडाला येताच उतरवून घरात पिकवावे, केळीच्या घडाला गोणपाट बांधावे, पडलेली फळे सायंकाळी उचलावी. खुराड्याला रात्री कडी लावावी, आणि जाळी तळापर्यंत असावी.

प्राणी खोलीत शिरलाच, तर मुलांना बाजूला घेऊन दार उघडे ठेवावे व दिवा घालवावा. तो आपण होऊन जातो. हाताने धरू नये. चावला किंवा ओरखडला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण कोणत्याही वन्य सस्तन प्राण्याच्या चाव्यात पिसाळरोगाचा संभव धरावा लागतो. जखमी प्राणी किंवा पोरकी पिल्ले आढळली, तर वनखात्याला कळवावे.

कौले जाऊन स्लॅब आले, की आपल्या पुष्कळ घरांपुरता हा प्रश्न आपोआप मिटेल. त्या वेळी परसातील एखादा पोकळ झालेला जुना आंबा केवळ जळणासाठी तोडू नये, एवढे मात्र अवश्य सुचवावेसे वाटते. माळा बंद करणाऱ्याने ढोली तरी शाबूत ठेवावी.

शेवटी एक विनंती. ह्या प्राण्याला आपल्या गावी, आपल्या घरातील वडीलधारी माणसे कोणत्या नावाने ओळखतात, ते वाचकांनी मासिकाच्या पत्त्यावर अवश्य लिहून कळवावे. नावे गोळा झाल्यावर ती ह्याच सदरात देईन.