युरियाची गोणी आणि मुळांवरील गांठी

धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन पिवळें पडतांच युरियाची गोणी फोडण्याची घाई होते; ती आम्हांस उचित वाटत नाहीं. पान सूर्यप्रकाशांत साखर तयार करतें व तिच्या मोबदल्यांत मुळांवरील गांठींतले जंतु पिकास हवेंतील नत्र पुरवितात. हा नत्रपुरवठा हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं 1888 सालींच दाखवून दिला. वरून नत्र फार दिल्यास गांठी कमी धरतात. शिवाय चुनखडीच्या जमिनींत कोवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या दिसल्यास तो बहुधा लोहाचा अभाव. युरियानें तो कसा भरून निघणार? म्हणून बंधूंनीं आधीं एक रोप अलगद उपटून गांठ चिरावी. आंत तांबूस रंग दिसल्यास नत्राचा कारखाना चालू आहे असें समजून पैसा राखावा. फिकट दिसल्यास पुढील हंगामीं बियाण्यास रायझोबियम अवश्य चोळावें.