मावा, पण बर्फीचा नव्हे

दिवाळीच्या अंकात ‘मावा’ हा शब्द दिसला, की आमच्या वाचक भगिनी लगेच दुधाचा हिशेब मांडतील. तो मावा नव्हे! हा पानाखाली दाटीने बसून रस शोषणारा, मोहरीएवढा किडा. मादीला नराचीही गरज नाही, ती थेट पिलेच घालते. जिनिव्हाच्या बॉने नावाच्या शास्त्रज्ञाने १७४० साली एक मादी जन्मापासून एकटी कोंडून ठेवली, तर तिने ९५ पिले दिली!

गेल्या भाद्रपदात गेवराईला मामेभावाकडे गेलो होतो. भोवती सगळा कापूस, मधे अण्णांची पपई. पण शेंड्याची पाने पिवळी, आक्रसलेली. फळांवर गोल कंकणे उठलेली. ‘रिंगस्पॉट’ नावाचा हा विषाणुरोग मावा पसरवतो. अन् पपईवर तर शोधूनही एक मावा दिसेना.

“चार फवारण्या झाल्या,” अण्णा म्हणाले. “दुकानदार म्हणतो, पाचवी घ्या.”

मावा दिसणार कसा? त्याचे बिऱ्हाड कापसावर. पंख फुटले की उडत येतो, पपईच्या पानात सोंड टोचून चव पाहतो आणि न आवडल्यामुळे पुढच्या झाडावर जातो. तेवढ्यात रोगट झाडाचा विषाणू सोंडेच्या टोकाला लागलेला असतो. तो निरोगी झाडात उतरायला काही सेकंद पुरतात. औषधाने किडा मरायला त्याहून जास्त वेळ लागतो. चोर मरतो खरा, पण चोरी झाल्यावर! हवाई बेटांत १९९२ साली हा रोग पपईच्या मुख्य मुलखात शिरला, तेव्हा तिथे अखेर १९९८ मध्ये जनुके बदललेले वाण लावावे लागले. आपल्याकडे त्याची लागवड नाही.

मग उरते काय? लागवडीआधीच बागेभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेरायच्या. उडता मावा आधी तिथे उतरतो, आणि मक्याला टोचता टोचता त्याची सोंड पुसली जाते. मक्याला हा विषाणू लागत नाही. यंदा अण्णांची ती वेळ टळली होती. आता एकच, रोगट झाड दिसले की उपटायचे.

हे सांगायला माझे काय जाते! वहिनी एका झाडाला हात लावून उभ्या राहिल्या. “फळ धरलेलं झाड कसं उपटायचं, भावजी?”

सकाळी मी निघालो तेव्हा बांधावर सत्तावीस झाडे मुळांसकट पडली होती. वहिनींनी कच्च्या पपयांची पिशवी माझ्या हाती दिली.

“भाजीला होतील. माणसाला नाही ना काही होत यानं?”

“नाही, वहिनी.”