देवघरांतील हंसूं

धर्मकृत्य चाललें असतां हंसावें किंवा हंसूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो; परंतु एकत्र कुटुंबांत त्यावरून जितकीं मनें दुखावतात तितकीं मोठमोठ्या तात्त्विक मतभेदांनीं दुखावत नाहींत. सत्यनारायणाच्या कथेंतील साधुवाणी, नौकेंत वेली-पानेंच आहेत असें खोटें सांगतो आणि परत येऊन पाहतो तों खरोखरच वेली-पानें! हें ऐकून पाटाशेजारीं बसलेलें मूल खुदकन् हंसतें. आजोबा डोळे वटारतात, सूनबाई मुलाला उचलून माजघरांत नेतात, आणि आरतीच्या वेळीं घरांतील निम्मीं माणसें गप्प असतात. आजोबांस वाटतें, घरांतील श्रद्धा संपली. सूनबाईंस वाटतें, श्रद्धा म्हणजे नुसता धाकच कीं काय! या दोहोंचा निवाडा आमच्याच परंपरेच्या आधारें करणें इष्ट आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्याला आठ रसांत स्थान दिलें. त्याचा वर्ण शुभ्र आणि देवता प्रमथ, म्हणजे शंकराचे गण, असें सांगितलें. पहिल्या अध्यायांत तर नाट्याच्या रक्षणाची वांटणी करतांना नायक इंद्राकडे, नायिका सरस्वतीकडे आणि विदूषक साक्षात् ॐकाराकडे सोंपविला आहे. ज्या ॐकारानें वेदपठणास आरंभ करावयाचा, तोच विदूषकाचा पाठीराखा! मात्र त्याच मुनींनीं हास्याचे सहा प्रकारही केले : स्मित व हसित हीं उत्तमांचीं, विहसित व उपहसित हीं मध्यमांचीं, अपहसित व अतिहसित हीं अधमांचीं. तात्पर्य, हंसण्यास मनाई नाहीं; पण सगळें हंसणें एका मोलाचें नाहीं.

आतां आमच्या करवीरक्षेत्राचेंच उदाहरण घ्या. कोल्हासुरावरील विजयोत्सवास त्र्यंबोलीला बोलवावयाचें राहून गेलें, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि तिची समजूत घालावयास अंबाबाईला स्वतः जावें लागलें, ही कथा कोल्हापुरांतील घरोघरच्या आज्या नातवंडांस सांगत आल्या आहेत. आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललितापंचमीस, अंबाबाईची पालखी आजही टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तेथें कुमारिकेच्या हस्तें कोहळा फुटतो, आणि त्याची फोड मिळावी म्हणून जी झुंबड उडते तींत भक्ति किती व मौज किती हें निवडून दाखवितां यावयाचें नाहीं. बहिणीबहिणींतला रुसवा देवींच्या कथेंत पाहून कोणती सासुरवाशीण मनांत हंसली नसेल? त्या हंसण्यानें देवी लहान झाली नाहीं. ती घरची झाली.

संतांनीं तर हा मार्ग राजमार्गच केला. सोळाव्या शतकांत पैठणच्या नाथमहाराजांनीं, एकीकडे भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणाऱ्या त्याच लेखणीनें, भारुडें रचिलीं. त्यांत विंचू चावलेला ओरडतो, जोशी भविष्य सांगतो, एक सून भवानीला नवस बोलून सासरच्या एकेका माणसाची वासलात लावावयास सांगते, आणि पंढरीच्या विठ्ठलासही भूत म्हणण्यास नाथ कचरत नाहींत. श्रोते पोट धरून हंसतात, आणि हंसतां हंसतां त्यांच्या ध्यानांत येतें कीं विंचू म्हणजे आपलेच कामक्रोध. कीर्तनांतही पूर्वरंगाचें निरूपण जड होऊं लागलें म्हणजे बुवा एखादा चुटका सांगून जागे करतात, तें याच धोरणानें.

यावर कोणी म्हणेल, समर्थांनीं तर विनोद हा टवाळांच्या आवडीचा म्हणून ठेवला आहे. खरें आहे, परंतु त्याच दासबोधांत दुसऱ्या दशकाच्या आरंभीं मूर्खलक्षणांची आणि अखेरीस पढतमूर्खाच्या लक्षणांची जी मालिका आहे, ती वाचतांना कोणास हंसूं आवरतें? समर्थांचा कटाक्ष टवाळीवर आहे, हंसण्यावर नाहीं. मूर्खलक्षणें वाचणारा आधीं शेजाऱ्याला हंसतो, मग थबकतो, कारण पुढच्याच ओवींत तो स्वतः सांपडतो. असें हंसूं चित्तशुद्धीचेंच साधन होय.

मग सीमारेषा कोठें? आमच्या मतें ती हंसणाराच्या हेतूंत आणि समोरच्या माणसाच्या अवस्थेंत आहे. हेतूचें महत्त्व कायद्यानेंही ओळखिलें आहे. १९२७ सालीं दंडविधानांत घातलेल्या २९५-अ कलमांत, धर्मभावना दुखावण्याचा अपराध ठरण्यास बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतु लागतो; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमांतही ती अट कायम आहे. परंतु घर म्हणजे न्यायालय नव्हे. तेथें हेतु शुद्ध असूनही भागत नाहीं. गाभाऱ्यासमोर कोणी विधवा डोळे पुसत उभी असतां तिच्या पाठीशीं खिदळणाऱ्यांचा हेतु निर्मळ असेल, पण त्या क्षणीं त्यांचें हंसणें निर्दय ठरतें. तसेंच परक्याच्या देवाविषयीं. आपल्या विठोबाशीं भांडण्याचा हक्क नामदेवांना व तुकोबांना होता, कारण त्यांनीं आपला सारा भार त्याच्यावर टाकला होता. ज्याच्यावर आपण भार टाकला नाहीं, त्याच्याशीं सलगीचा विनोद करण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.

वडीलधाऱ्यांस आमची विनंति अशी कीं, मूल कथेवर हंसलें तर तें कथा ऐकत होतें एवढें तरी सिद्ध झालें. जांभया देणाऱ्या मोठ्यांपेक्षां तें देवाच्या अधिक जवळ होतें! त्याला उठवूं नये. खोटें बोलल्याचें फळ साधुवाण्यास कसें मिळालें, हें तेथेंच दोन शब्दांत सांगावें. देवघर म्हणजे दटावणीची जागा अशी ज्याची बालपणीं समजूत होते, तो मोठेपणीं तेथें फिरकत नाहीं, आणि मग निरांजन लावावयास म्हातारींच माणसें उरतात. तरुणांसही सांगणें आहे : सोंवळ्यांतल्या आजीची चेष्टा करणें हा विनोद नव्हे. तिच्या सोंवळ्यांत पन्नास वर्षांचे कष्ट आहेत. ती स्वतः हंसेल तेव्हां तिच्याबरोबर हंसावें, तिला हंसूं नये.

भय आणि आदर यांत भेद आहे. भयापोटीं माणूस ओंठ मिटून बसतो. आदर असला म्हणजे हंसतांही येतें आणि वेळीं थांबतांही येतें. हें थांबणें ज्या घरांत मुलांना वडिलांच्या वागण्यांतून शिकावयास मिळतें, त्या घरांतील देवाला हंसण्याचा विटाळ होण्याचें कांहींच कारण नाहीं.