‘वेळेअभावी’ नावाचे असत्य

परिसंवाद संपत आला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘वेळेअभावी आता प्रश्न घेता येणार नाहीत, क्षमस्व.’ मग आभारप्रदर्शन होते, चहा होतो, खुर्च्या उचलल्या जातात. गेली पंचवीस वर्षे मी हे वाक्य ऐकत आलो आहे आणि, खेदाने सांगावे लागते, अनेकदा स्वतः उच्चारलेही आहे. आज मला त्या वाक्याविरुद्धच फिर्याद मांडावयाची आहे. वेळेचा अभाव ही दैवी आपत्ती नव्हे. वेळ होता, तो कुणाला तरी देऊन टाकण्यात आला. देणारा गृहस्थ व्यासपीठाच्या मध्यभागीच बसलेला होता. त्याला आपण परिसंवादाचा अध्यक्ष म्हणतो.

हिशेब करून पाहावा. कार्यक्रम सहा ते आठ, म्हणजे १२० मिनिटांचा. १५ मिनिटे उशीर. प्रार्थना, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि वक्त्यांच्या पदव्यांचे वाचन यांत २५ मिनिटे. चार वक्त्यांना प्रत्येकी १२ मिनिटे ठरलेली. प्रत्येकाने घेतली १८, म्हणजे ७२. उरली ८ मिनिटे, आणि ती अध्यक्षीय समारोपालाही पुरत नाहीत. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या श्रोत्यांच्या वाट्याला काय आले? शून्य. याला परिसंवाद म्हणावयाचे असेल, तर एकापाठोपाठ एक झालेल्या चार प्रवचनांनाही म्हणता येईल.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे ‘आपल्या वाड्यांचे भवितव्य’ या विषयावर परिसंवाद ठेवला होता. अध्यक्ष मीच. व्यासपीठावर एक वकील, एक प्राध्यापक, एक समाजसेवक आणि एक बांधकाम व्यावसायिक. शेवटच्या रांगेत लाल लुगड्यातली एक वृद्ध माउली बसली होती. केळी, भाजीपाला स्वतः पिकवून विकणारी त्या सभागृहातली बहुधा ती एकटीच. तिने तीनदा हात वर केला. मी तीनही वेळा पाहिला आणि वक्त्यांच्या मानाखातर तीनही वेळा न पाहिल्यासारखे केले. दाराशी ती मला म्हणाली, ‘फादर, वाडी माझी, आणि बोलले सगळे दुसरेच.’ पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती वाडी विकली गेली. परिसंवादामुळे विकली गेली असे मी म्हणत नाही. परंतु तिला काय विचारावयाचे होते, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसणे हा माझा दोष आहे, घड्याळाचा नव्हे.

या दोषाचे मूळ आपल्या एका गैरसमजात आहे. अध्यक्षपद हा सन्मान आहे, असे आपण धरून चालतो. म्हणून ते सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत सोशिक किंवा सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या माणसाकडे जाते. वास्तविक अध्यक्ष हा पंगतीतला वाढपी आहे, नवरदेव नव्हे. शेवटच्या पानापर्यंत वाढप पोहोचले की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे.

आपल्या ख्रिस्तसभेने हे काम किती गांभीर्याने केले होते, ते आठवावे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेत (१९६२ ते १९६५) दोन हजारांहून अधिक महागुरू एकत्र बसले होते. प्रत्येक वक्त्याला दहा मिनिटांची मर्यादा होती. ३० ऑक्टोबर १९६२ रोजी कार्डिनल ओत्ताव्हियानी बोलत होते. रोममधील अत्यंत प्रभावशाली, परंतु दृष्टी अधू झालेले असे ते वयोवृद्ध गृहस्थ. त्यांनी मर्यादा ओलांडली, तेव्हा त्या दिवशी अध्यक्षस्थानी असलेले कार्डिनल आल्फ्रिंक यांनी त्यांना सूचना दिली आणि अखेर ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. सभागृहात टाळ्या वाजल्या. नियम सर्वांना सारखा, हे त्यातून सिद्ध झाले; तथापि त्या टाळ्यांचे समर्थन मी करणार नाही. बोलणाऱ्याला थांबवावे, त्याचा पाणउतारा होऊ देऊ नये.

पुढे १९६३ साली पोप सहावे पॉल यांनी चर्चा चालविण्यासाठी चार कार्डिनलांची नेमणूक केली. त्यांचे सर्वांत मोठे काम कोणते? चर्चा लांबत चालली, महागुरूमंडळाच्या अधिकाराविषयी कुणाचे मत काय हे स्पष्ट होईना, तेव्हा त्यांनी पाच नेमके प्रश्न तयार करून ३० ऑक्टोबर १९६३ रोजी सभागृहापुढे मतास टाकले. त्या कौलाने परिषदेची दिशा उजेडात आली. अध्यक्षाचे काम ते हेच : सभागृहाच्या मनातला प्रश्न नेमका करून सभागृहापुढे ठेवणे.

आपल्याकडे मात्र विषयातच प्रश्न नसतो. ‘आजचा युवक आणि समाज’ हा विषय नव्हे, ते शीर्षक आहे. त्यावर कुणीही काहीही बोलू शकतो आणि बोलतोच. ‘वडिलोपार्जित वाडी विकू नकोस, असे तरुणाला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?’ हा प्रश्न आहे. त्यावर बोलताना पळवाट सापडत नाही.

प्रश्न ठरला की वक्ते तीनच घ्यावेत, आणि त्यांतला एक तरी असा असावा की ज्याला उत्तराचे परिणाम स्वतः भोगावयाचे आहेत. कार्यक्रमापूर्वी अध्यक्षाने तिघांना एकत्र भेटावे. वेळ सांगावी, दोन मिनिटे आधी चिठ्ठी येईल आणि मग घंटा वाजेल, हेही सांगावे. आधी कबूल केलेल्या घंटेने कुणाचा अपमान होत नाही. १२० मिनिटांपैकी ५० मिनिटे श्रोत्यांची, हे पत्रिकेतच छापावे. पदव्या पत्रिकेत छापल्या की वाचाव्या लागत नाहीत. निवेदकाच्या चारोळ्यांनाही रजा द्यावी.

‘आपली माणसे प्रश्नच विचारत नाहीत’ असे सांगितले जाते. अध्यक्ष पाच सेकंद थांबतो आणि ‘प्रश्न नाहीत असे दिसते’ म्हणतो, मग कोण विचारणार? अर्धा मिनिट शांत राहण्याचे धैर्य त्याने दाखवावे. शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोला, असे सांगावे. ध्वनिक्षेपक मागच्या रांगेपासून फिरवावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोम येथे भरलेल्या सिनडमध्ये महागुरू आणि प्रापंचिक, स्त्रिया आणि पुरुष एकाच गोल मेजाभोवती बसले. प्रत्येकाने आळीपाळीने बोलावयाचे आणि मध्ये काही काळ मौन पाळावयाचे, अशी रीत होती. रोममध्ये जे जमते, ते आपल्या सभागृहात का जमू नये?

चिठ्ठ्यांच्या प्रथेविषयीही स्पष्ट बोलतो. बुजऱ्या माणसाला चिठ्ठीचा आधार वाटतो, हे खरे. परंतु अवघड चिठ्ठी अध्यक्षाच्या खिशात जाते, हेही तितकेच खरे. आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचली गेली पाहिजे; आणि वक्त्याने उत्तर टाळले, तर अध्यक्षाने तोच प्रश्न नम्रपणे पुन्हा विचारला पाहिजे.

‘सभागृह खुले केले तर भांडणे होतील’ हा शेवटचा आक्षेप. जे भांडण सभागृहात होत नाही, ते नाक्यावर होते, आणि तेथे अध्यक्ष नसतो. सेमिनरीत आम्हांला शिकविले जाई की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावे, मगच त्याला उत्तर द्यावे. अध्यक्षाने दोन्ही बाजूंकडून एवढे करवून घेतले, तरी निम्मे भांडण विरते. घराण्यावर, गावावर शेरा आला की पहिल्याच शेऱ्याला थांबवावे, दुसऱ्याची वाट पाहू नये. आणि समारोप म्हणजे पाचवे भाषण नव्हे : कशावर एकमत झाले, कशावर मतभेद राहिला, कोणता प्रश्न अनुत्तरित आहे आणि तो कुणी हाती घ्यावयाचा, एवढे पाच मिनिटांत सांगून उठावे.

राहता राहिला आम्हा धर्मगुरूंचा प्रश्न. आम्ही अध्यक्षस्थानी बसलो की लोक आमच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात, आणि आम्ही बोललो की विषय संपला असे समजतात. म्हणून ती खुर्ची आम्ही सोडावी. धर्मग्रामातील एखाद्या शिक्षिकेला, एखाद्या तरुणाला हे काम शिकवावे. आम्ही मागच्या रांगेत बसावे. कुणाचा हात वर आहे, ते तेथून अधिक चांगले दिसते.